परदेशी मोहोर आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



 वास्तविक आजचा विषय एखाद्या प्राध्यापकाने अथवा एखाद्या पेढीच्या व्यवस्थापकाने मांडावयास हवा होता. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. माझी सारी नोकरी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांच्या प्राथमिक शाळांतून, मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेली. एम. बी. ए. चा वर्ग मी आतून कधी पाहिलेला नाही. तथापि शाळामास्तराला एक खोड असते. शब्दाचा अर्थ पुरता उमगल्यावाचून तो पुढच्या ओळीकडे जात नाही. आजचे माझे भाषण म्हणजे अशाच एका शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न होय. तो शब्द आहे ‘आंतरराष्ट्रीय मानांकन’.

हा शब्द मी निवडला, याचे कारण आपल्या शिक्षण-साहाय्य निधीकडे येणारे अर्ज. पूर्वी आपली मुले डी. एड., बी. ए. किंवा फार तर इंजिनिअरिंगसाठी मदत मागत. आता बी. बी. ए. आणि एम. बी. ए. चे अर्ज वाढले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्या अर्जांसोबत जी गुळगुळीत कागदाची माहितीपत्रके येतात, त्यांवर पृथ्वीचा गोल, सोनेरी मोहोर आणि ‘आंतरराष्ट्रीय मानांकनप्राप्त’ ही अक्षरे हटकून असतात. निधी-समितीत यावरून दोन तट पडले आहेत. कोणी म्हणतात, परदेशाने वाखाणलेली संस्था, तेव्हा डोळे मिटून मदत द्यावी. कोणी म्हणतात, हे सारे परदेशी नावाचे खूळ, तेव्हा अशा अर्जांना मदतच देऊ नये. मला नम्रपणे असे सुचवावयाचे आहे की, हे दोन्ही पक्ष मोहोर न वाचताच बोलत आहेत.

मीही एकदा ती न वाचताच बोललो होतो. त्याचा वृत्तांत प्रथम सांगतो. कारण जो स्वतःची चूक सांगत नाही, त्याने उपदेश करू नये.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा नुकताच बी. कॉम. झाला होता. दूरच्या एका शहरातील खासगी संस्थेचे माहितीपत्रक घेऊन माझी धाकटी बहीण मजकडे आली. दोन वर्षांची फी पाच लाख साठ हजार रुपये होती. घरात तेवढा पैसा नव्हता. दीड एकर जमीन विकावी लागणार होती. बहीण म्हणाली, “दादा, तू शिकलेला माणूस. तू म्हणशील तसं करू.” मी ते पत्रक हातात घेतले. इंग्रजी मला जेमतेम वाचता येते. त्यातील वाक्यांपेक्षा ती सोनेरी मोहोरच माझ्या मनात भरली. परदेशातील माणसे ज्या संस्थेवर शिक्का मारतात, ती खोटी कशी असेल, असे मी बहिणीला सांगितले. जमीन विकली गेली.

दोन वर्षांनी भाचा प्रमाणपत्र घेऊन परतला. एका सरकारी कंपनीच्या भरतीत त्याची निवड होत आली असता कागदपत्रांच्या तपासणीत तो बाद ठरला. कारण त्या अभ्यासक्रमाला आपल्या देशात कोणाचीच मान्यता नव्हती. तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून ते माहितीपत्रक शब्दशः वाचवून घेतले. मोहोरेखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की, ही संस्था अमुक परदेशी मंडळाची ‘सभासद’ आहे. सभासद! वार्षिक वर्गणी भरून कोणालाही होता येते तसा सभासद. आपल्या गावच्या वाचनालयाचा सभासद झाल्याने कोणी विद्वान ठरत नाही, हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, आणि ऐन वेळी मीच ते विसरलो.

भाचा आज या मंडपात बसला आहे. त्याच्या संमतीनेच मी हे बोलत आहे. पुढे त्याने विद्यापीठातून रीतसर एम. कॉम. केले आणि आज एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा हिशेब तो सचोटीने सांभाळतो. त्याने मला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. मला तेच अधिक लागते.

फसलेले आम्ही एकटेच नव्हतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या नावाच्या, देशभर मोठमोठ्या जाहिराती देणाऱ्या संस्थेविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबर महिन्यात निकाल दिला. भाच्याची संस्था निराळी होती, हे येथे स्पष्ट करतो. या निकालाने त्या संस्थेला आपल्या अभ्यासक्रमांसंबंधी ‘एम. बी. ए.’, ‘बी. बी. ए.’ यांसारखे शब्द वापरण्यास मनाई झाली. तेथील विद्यार्थ्यांनाही बेल्जियममधील एका संस्थेच्या पदवीचे आकर्षण दाखविले जात असे. अर्थात परदेशाचे नाव ऐकून मान डोलावणारे केवळ खेड्यातले मास्तरच असतात असे नव्हे; राजधानीतील इंग्रजी जाणणारी घराणीही त्याच मार्गाने गेली होती.

आता मूळ शब्दाकडे वळू. या विषयात तीन शब्द एकमेकांत मिसळले जातात, ते आपण वेगळे करू. पहिला शब्द ‘मान्यता’. मान्यता म्हणजे कायद्याची परवानगी. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने ठरलेले आहे. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, अथवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच तो आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांना व स्वतंत्र संस्थांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे ए. आय. सी. टी. ई. ची मान्यता लागते. २०२४-२५ या वर्षापासून बी. बी. ए. सारखे पदवी अभ्यासक्रमही तिच्या कक्षेत आले. दुसरा शब्द ‘मानांकन’. मानांकन म्हणजे परीक्षा. संस्था आपण होऊन परीक्षकांना बोलावते. ते येऊन पाहणी करतात आणि आपल्या कसोटीस ती उतरली की नाही, हे ठराविक मुदतीपुरते सांगतात. तिसरा शब्द ‘सभासदत्व’. त्याविषयी मी आताच बोललो. मान्यता कायद्याची, मानांकन परीक्षेचे आणि सभासदत्व वर्गणीचे, एवढे जरी आपण येथून लक्षात ठेवून गेलात तरी माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

परदेशी मानांकन देणारी मंडळे अनेक आहेत. परंतु व्यवस्थापन-शिक्षणाच्या क्षेत्रात जगभर ज्यांचा दबदबा आहे अशी मुख्य तीन. पहिले अमेरिकेतील ए. ए. सी. एस. बी. हे १९१६ साली स्थापन झाले. त्या काळी अमेरिकेत व्यापार-शिक्षणाच्या शाळा भराभर निघत होत्या, आणि त्यांत बरी कोणती व वाईट कोणती हे ठरविण्याची गरज निर्माण झाली होती. दुसरे लंडनचे असोसिएशन ऑफ एम. बी. एज., अर्थात ‘ॲम्बा’; त्याची स्थापना १९६७ ची. तिसरे ‘इक्विस’. हे मानांकन ब्रुसेल्स येथील ई. एफ. एम. डी. नावाचे युरोपीय प्रतिष्ठान देते आणि ते गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. ज्या संस्थेस ही तिन्ही मिळतात, तिला ‘तिहेरी मुकुट’ लाभला असे म्हणतात. आपल्या देशात कलकत्त्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला असा मुकुट लाभलेला आहे. तेव्हा ही मानांकने पोकळ नव्हेत. अध्यापकांची पात्रता काय, विद्यार्थी खरोखर काय शिकतात, संस्थेचा कारभार कसा चालतो, तिने स्वतःपुढे ठेवलेला हेतू ती पाळते काय, हे सारे इतर देशांतील त्याच क्षेत्रातील जाणकार प्रत्यक्ष येऊन पाहतात. ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास संस्थेला कित्येक वर्षे खपावे लागते. जी संस्था इतरांच्या डोळ्यांखाली उभी राहण्यास तयार होते, तिचा मान आपण राखलाच पाहिजे.

परंतु या तीन परीक्षांत परीक्षक एकच गोष्ट पाहत नाहीत. ए. ए. सी. एस. बी. आणि इक्विस ही मुख्यतः संपूर्ण संस्था पाहतात, तर ॲम्बा विशिष्ट अभ्यासक्रम पाहते. ॲम्बाचा एम. बी. ए. संबंधीचा एक दंडक तर आपल्या पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावा. पदवीनंतर निदान तीन वर्षे कामाचा अनुभव असलेल्यांसाठीच तिच्या दृष्टीने एम. बी. ए. आहे. आपला मुलगा मे महिन्यात बी. कॉम. होतो आणि जुलै-ऑगस्टात एम. बी. ए. च्या वर्गात बसतो. तेव्हा ज्या संस्थेच्या दारावर ॲम्बाची मोहोर आहे, तेथे ती नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमावर उठविलेली आहे आणि आपला मुलगा त्याच अभ्यासक्रमात शिरणार आहे काय, हे विचारणे अगत्याचे ठरते.

दुसरी गोष्ट अशी की, कीर्ती आधी येते आणि मोहोर मागाहून. अहमदाबादची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्याने निघाली. तिला इक्विसचे मानांकन मिळाले २००८ मध्ये. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तिची थोरवी कोणा मोहोरेवर अवलंबून नव्हती. अमेरिकेच्या ए. ए. सी. एस. बी. ने तर उत्तर अमेरिकेबाहेरील संस्थेला मानांकन देण्यास १९९७ साली सुरुवात केली, आणि तो पहिला मान फ्रान्समधील एसेक या संस्थेला मिळाला. अशी स्थिती असता मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने जी व्यवस्थापन-शिक्षणाची संस्था काढली, तिचे नाव देशभर झाले ते कशाच्या बळावर? तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाच्या बळावर. त्या संस्थेचे नाव आपणा वर्धेकरांना वेगळे सांगावयास नको. ती जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. ज्या जमनालालजींनी वर्ध्याला आपली कर्मभूमी मानले, ज्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच होते, त्यांच्या नावाने देशातील नामांकित व्यवस्थापन-संस्था उभी आहे! त्यांनी ज्याला बळ दिले त्या वर्ध्याच्या शिक्षण मंडळाने १९४० साली येथे वाणिज्य महाविद्यालय काढले, आणि पुढे गुजरातचे राज्यपाल झालेले श्रीमन्नारायण त्याचे प्राचार्य होते. व्यापाराचे शिक्षण ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. नवी आहे ती तिच्यावरील परदेशी मोहोर.

मोहोर कशी वाचावी, हे मात्र आपल्याला कोणी शिकवावयास नको. आपण कापसाच्या मुलखातली माणसे आहोत. एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका उत्तम प्रकाराचेच नाव होऊन बसले होते. परंतु जाणता व्यापारी केवळ गाठीवरचा शिक्का वाचून सौदा करीत नसे. तो गाठीतून मूठभर रुई काढी, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढी आणि त्याची लांबी डोळ्यांनी पाही. पुढे १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हाचे ग्रेडर येथील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्याने गाडीवरच्या कापसाची प्रत ठरविली की भाव ठरे. ग्रेडरचे म्हणणे आपण ऐकत होतो. परंतु आपल्या शेतातला कापूस कसा आहे, हे आपल्यालाही ठाऊक असे. मोहोर ही ग्रेडरची चिठ्ठी आहे. ती निरुपयोगी नाही. मात्र धागा ओढून पाहण्याचे आपले काम ती करीत नाही.

शिवाय शिक्का मारणारे हातही माणसांचेच असतात. आपल्या देशातील महाविद्यालयांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ साली बंगलोर येथे ‘नॅक’ ही संस्था स्थापन झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्या एका पाहणी-समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. यावरून सारी मूल्यांकने खोटी असे मी म्हणणार नाही. चार कणसे किडली म्हणून कोणी शेत नांगरून टाकीत नाही. परंतु शिक्का देशी असो वा परदेशी, त्याच्या पलीकडे पाहण्याची जबाबदारी आपलीच राहते.

तेव्हा पाहावयाचे काय? निधी-समितीपुढे मी पाच प्रश्न ठेवतो. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. कारण माझी चूक प्रश्नाची नव्हती, क्रमाची होती. जो प्रश्न तिसरा, तो मी पहिला धरला.

पहिला प्रश्न: शेवटी हातात पडणारा कागद कोण देणार? विद्यापीठाची पदवी मिळणार, की संस्थेचा डिप्लोमा? डिप्लोमा म्हटला की तो हलका, असे नव्हे. २०१७ चा कायदा होईपर्यंत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्थादेखील पदवी न देता डिप्लोमाच देत असत. परंतु डिप्लोमाला पदवीची बरोबरी मिळाली आहे काय, हे विचारले पाहिजे. परदेशी विद्यापीठाची पदवी येथे बसून मिळेल असे कोणी सांगितल्यास दुप्पट सावध व्हावे. अशा पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या एप्रिलमध्ये स्वतंत्र नियम केले आहेत.

दुसरा प्रश्न: ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा, त्या वर्षाची मान्यता आहे काय? मागच्या वर्षाची पावती या वर्षाच्या बाजारात चालत नाही. महाविद्यालय असेल तर विद्यापीठाची संलग्नता आणि तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता. विद्यापीठ असेल तर अनुदान आयोगाच्या यादीतील नाव. आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, आणि त्या यादीत आपल्या शेजारच्या नागपूरचेही नाव येऊन गेले आहे, हे विसरू नये.

तिसरा प्रश्न: मोहोर कोणाची, कशावर आणि कोठवर? मानांकन की सभासदत्व? संपूर्ण संस्थेला की एका अभ्यासक्रमाला? मुदत केव्हा संपते? आणि ‘अर्ज केला आहे’, ‘प्रक्रिया चालू आहे’ अशी भाषा असेल, तर मानांकन अद्याप मिळालेले नाही, एवढाच तिचा अर्थ. याचे उत्तर संस्थेच्या माहितीपत्रकात शोधू नये. ज्याने मोहोर दिली त्याच्या यादीत शोधावे. ती यादी संगणकावर सर्वांना खुली असते.

चौथा प्रश्न: मधला पगार किती? माहितीपत्रकात सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. वर्गातील साठ मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभे केले, तर सर्वांत उंच मुलाकडे पाहून वर्गाची उंची कळत नाही; मधोमध उभा असलेला मुलगा पाहावा लागतो. तसेच पगाराचे आहे. साठांपैकी किती जणांना काम मिळाले आणि ओळीच्या मध्यावरच्या मुलाला काय मिळाले, हे लेखी मागावे.

पाचवा प्रश्न: हप्ता किती? दहा लाखांचे कर्ज, दर साल दर शेकडा दहा व्याज, दहा वर्षांची मुदत, असे धरले तर दरमहा सुमारे तेरा हजार दोनशे रुपये हप्ता पडतो. वर्षाचे झाले सुमारे एक लाख अठ्ठावन्न हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. त्या भावाने हप्त्यापायी वर्षाला जवळजवळ वीस क्विंटल कापूस गेला, आणि असे दहा वर्षे! कोरडवाहू रानात वीस क्विंटलला किती एकर लागतात, हे आपणच मनाशी मोजावे. शिक्षणात पैशाचा हिशेब कसला, असे कोणी म्हणेल. परंतु १९३७ साली याच वर्धा शहरात भरलेल्या शिक्षण-परिषदेत गांधीजींनी शिक्षण स्वावलंबी असावे हा विचार आग्रहाने मांडला होता. शिक्षणाने घर उभे राहावे. घर विकून शिक्षण उभे राहू नये.

येथे एक गोष्ट जोडतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार न मागता बँकेचे कर्ज मिळते. त्या संस्थांची निवड सरकार परदेशी मोहोर पाहून करीत नाही. राष्ट्रीय क्रमवारीतील स्थान पाहून करते. म्हणजे कर्ज देणारा स्वतः कशाकडे पाहतो, हेही आपल्याला यातून कळते.

हे पाच प्रश्न विचारल्याने काय घडते, ते याच वर्षीच्या दोन अर्जांवरून सांगतो.

पहिला अर्ज आपल्या समाजातील एका मुलीचा. बी. कॉम. झाल्यावर तिने बुटीबोरीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या विभागात साडेतीन वर्षे नोकरी केली. तिला मिळालेला प्रवेश मोठ्या शहरातील महागड्या संस्थेचा होता. मोहोरेचे नाव ऐकताच, मी खोटे बोलत नाही, माझ्या मनात जुनी भीती दाटली आणि नकार द्यावा असेच वाटले. परंतु मुलीने पाचही प्रश्नांची उत्तरे कागदावर आणून ठेवली. मान्यता चालू होती. मोहोर खरी होती. देणाऱ्याच्या यादीत संस्थेचे नाव तर होतेच, पण तिच्याच अभ्यासक्रमाचेही होते. मधला पगार संस्थेने लेखी कळविला होता. संस्था राष्ट्रीय क्रमवारीत असल्याने कर्जास तारण लागले नाही. शिवाय तिला पुढे परदेशी व्यवहार असलेल्या कंपनीत जावयाचे आहे, आणि तेथे ही मोहोर ओळखली जाते. तिचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, वावर विकायचं काम नाही ना?” मी म्हणालो, “नाही. पोरीला जाऊ द्या.”

दुसरा अर्ज एका मुलाचा. तो थेट बी. कॉम. च्या वर्गातून आला होता. त्याच्या माहितीपत्रकावर एक नव्हे, चार मोहोरा होत्या. यादीत पाहता तीन ठिकाणी संस्थेचे नाव केवळ सभासद म्हणून निघाले, आणि चौथे मंडळ कोणते हे कोणालाच सांगता येईना. मधल्या पगाराविषयी दोनदा पत्र लिहूनही उत्तर आले नाही. मुलाने राज्याची प्रवेश-परीक्षा दिली होतीच. त्यावर त्याने नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात, चौथाई फीमध्ये प्रवेश घेतला. त्या महाविद्यालयावर एकही परदेशी मोहोर नाही. त्याला मी सांगितले, “बेटा, मोहोर नाही म्हणून उणे मानू नकोस. दोन वर्षे अशी अभ्यासात घाल, की उद्या तुझ्या नावावरून त्या कॉलेजाची ओळख पटावी.”

एकाच मापाने मोजून एक जण मोहोरेकडे गेली आणि एक जण मोहोरेपासून दूर राहिला. माझ्या मते दोघांचाही निर्णय योग्य आहे. म्हणूनच निधी-समितीतील दोन्ही तटांना माझी विनंती आहे की, ‘मोहोर आहे म्हणून द्या’ आणि ‘मोहोर आहे म्हणून देऊ नका’ ही दोन्ही वाक्ये आपण कामकाजातून काढून टाकावीत. त्याऐवजी अर्जाच्या नमुन्यात हे पाच प्रश्न छापावेत आणि पाचही उत्तरे आल्यावाचून अर्ज विचारात घेऊ नये. ज्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, त्या घरासाठी मंडळाने आपल्या शिकलेल्या तरुणांपैकी एकाची नेमणूक करावी. त्याने त्या कुटुंबाजवळ बसून माहितीपत्रकातील बारीक अक्षरे मराठीत वाचून दाखवावीत. या कामास पैसा लागत नाही. एक संध्याकाळ लागते. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या घरी कोणी अशी एक संध्याकाळ दिली असती, तर दीड एकर रान आज तिच्या नावावर असते.

सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. आज मंडळाने तुम्हाला शाल आणि श्रीफळ दिले, हीही एक मोहोरच आहे. ती आम्ही तुमच्या मागच्या परीक्षेवर उठविली आहे. पुढच्या परीक्षेस ती उपयोगी पडणार नाही. तेथे धागा ओढून पाहणारे भेटतील. तो तुटू नये, एवढी काळजी घ्या.